घरी रीफ टँक लावताना क्रम कुठे चुकतो आणि तो कसा पाळायचा

‘कोरल उघडत नाही, काय टाकू?’ रीफ टँक (कोरल, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवायचा खाऱ्या पाण्याचा टँक) ठेवणाऱ्यांकडून सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच टाकू नका’ असं असतं. आज दिसणारा त्रास दोन-तीन आठवड्यांपूर्वी गाळलेल्या एखाद्या पायरीतून आलेला असतो. सायकल (अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वसाहत बसणं) पूर्ण व्हायच्या आत मासे सोडले जातात, क्वारंटाइन (नव्या माशांना वेगळ्या टँकमध्ये ठेवणं) टाळलं जातं, मोजमाप न करता डोसिंग (खपलेली खनिजं पाण्यात टाकणं) सुरू होतं. सामान चांगलं असूनही टँक कोलमडतो तो यामुळे. म्हणून इथे क्रमावरच भर दिला आहे. ज्यांचा टँक आधीच चालू आहे त्यांनी थेट पायरी ८ वाचली तरी चालेल, पण पायरी २ मधली रिफ्रॅक्टोमीटरची (क्षारता मोजणाऱ्या यंत्राची) गोष्ट तेवढी वगळू नका.

## १. टँक घेण्याआधी: आकार, वजन, वीज

पहिला रीफ टँक १५० ते २५० लिटरचा असावा. छोटा टँक सोपा असेल हा समज उलटा आहे. ४० लिटरच्या टँकमधून २ लिटर पाणी उडालं तर क्षारता ३५ वरून जवळपास ३७ पीपीटीवर (हजार भागांत तेवढे भाग मीठ) जाते. २०० लिटरच्या टँकमध्ये तेवढंच पाणी उडालं तर ती ३५.४ च्या आतच राहते. पाणी जितकं जास्त, तितकी चूक सावरायला सवड जास्त.

काच, स्टँड, दगड, वाळू आणि पाणी धरून २०० लिटरच्या टँकचं वजन सहज अडीचशे-तीनशे किलोपर्यंत जातं. जमीन ते पेलेल याची खात्री करा आणि स्टँड लेव्हलमध्ये बसवा. थेट ऊन येणारी जागा टाळा, कारण उन्हाने तापमान आणि शेवाळ दोन्ही वाढतं.

शक्य असेल तर सम्प (टँकच्या खाली जोडलेली दुसरी टाकी) घ्याच. स्किमर (बुडबुड्यांनी घाण वेगळी काढणारं यंत्र), हीटर, कार्बन (पाणी गाळणारा सक्रिय कोळसा) सगळं खाली जातं आणि एकूण पाणीही वाढतं. एका मोठ्या हीटरपेक्षा दोन लहान हीटर लावा. एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो, आणि एखादा ‘चालू’वरच अडकला तरी तो एकटा टँक उकळवू शकत नाही. विजेचा बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर हवा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबकळून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर लावणं ऐच्छिक समजू नका.

तपासा: साधं पाणी भरून सिस्टिम चालू करा आणि मग रिटर्न पंप (सम्पमधून पाणी वर चढवणारा) बंद करा. वरचं पाणी पाइपमधून उलटं खाली येईल. ते सगळं सम्पमध्ये मावलं पाहिजे. ही चाचणी मीठ टाकण्याआधी करा. वीज पहिल्यांदा जाईल तेव्हा हे कळून उपयोग नाही.

## २. पाणी: इथे घाई केली की पुढचं सगळं डळमळतं

नळाचं पाणी नको. त्यात फॉस्फेट, सिलिकेट, क्लोरामाइन, कधी तांबंही असतं. मासे काही काळ तग धरतात, कोरल आणि कोळंबी धरत नाहीत. आरओ (पाणी गाळणारा पडदा) आणि त्यानंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) अशा दोन्ही टप्प्यांतून आलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं पाणी वापरा. पिण्यासाठीच्या आरओ मशिनचं पाणी चालत नाही. त्यात टीडीएस उरलेला असतो, आणि बऱ्याच मशिन चवीसाठी खनिजं परत मिसळतात.

मीठ मिसळण्याचा क्रम असा:

१. स्वच्छ पिंपात आधी पाणी भरा. पंप आणि हीटर लावून ते २५ अंश सेल्सिअसच्या आसपास आणा.
२. पंप चालू ठेवूनच रीफ सॉल्ट थोडं थोडं टाका. साधारण लिटरमागे ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. तरी पाकिटावरचं प्रमाण पाहून सुरुवात करा आणि मोजून थांबा.
३. पाणी पूर्ण नितळ होईपर्यंत फिरू द्या. काही मिठांना दोन-तीन तास पुरतात, काहींना रात्रभर.
४. मगच क्षारता मोजा. लक्ष्य ३५ पीपीटी, म्हणजे सुमारे १.०२६ विशिष्ट गुरुत्व.

सावध: मिठावर पाणी ओतू नका. मिठाच्या ढिगात कॅल्शियम आणि कार्बोनेट फार दाट अवस्थेत एकत्र येतात आणि कॅल्शियम कार्बोनेटचा साका तयार होतो. तो पुन्हा विरघळत नाही. पिंपाच्या तळाशी आणि हीटरच्या नळीवर बोटाला खरखरीत लागणारा पांढरा थर दिसला, तर तुमचं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तिथे जाऊन बसली आहे असं समजा.

आता रिफ्रॅक्टोमीटर. बरेच जण तो साध्या पाण्यावर शून्याला लावून घेतात आणि निर्धास्त होतात. पण शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला बरोबर असेलच असं नाही. मिळणाऱ्या स्वस्त रिफ्रॅक्टोमीटरपैकी बरेच समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे, तर मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेले असतात. त्यामुळे ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण घ्या, दोन-तीन थेंब टाका, अर्धा मिनिट थांबा आणि स्क्रूने रेघ ३५ वर आणा. महिन्यातून एकदा हे करायचं. चुकीच्या क्षारतेवर घेतलेली कॅल्शियम, मॅग्नेशियमची मापंही फसवी असतात, म्हणून सगळ्या मोजमापांत हे पहिलं.

## ३. दगड, वाळू, प्रवाह

दगड थेट काचेच्या तळावर टेकवा आणि वाळू नंतर टाका. वाळूवर रचलेला दगड तिच्यात बिळं करणाऱ्या माशांमुळे आणि कोळंबीमुळे ढासळतो. रचना एपॉक्सीने किंवा रीफ सिमेंटने पक्की करा. दगड आणि काच यांच्यात चारही बाजूंनी स्क्रेपर फिरेल एवढी जागा सोडा. रचना मोकळी ठेवा, गुहा आणि कमानी असू द्या. भिंतीसारखी रचलेली रास बघायला भरगच्च दिसते, पण तिच्यामागे घाण साचते.

पॉवरहेडचा (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचा) एकूण प्रवाह टँकच्या पाण्याच्या ताशी २० ते ४० पट असावा. दोन पॉवरहेड समोरासमोर लावा आणि आलटून-पालटून चालवा, म्हणजे प्रवाहाची दिशा बदलत राहते. एकाच जागी सतत धार लागली की तिथल्या कोरलचं मांस हाडावरून सोलून निघतं.

## ४. सायकल: इथे थांबायचं म्हणजे थांबायचंच

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. ही वसाहत दगडांवर आणि वाळूवर बसायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू टाकले तर वेळ कमी होतो, शून्य होत नाही.

१. मीठपाणी, दगड, वाळू, हीटर, पंप चालू. दिवे बंद. स्किमरही तूर्त बंद.
२. सुगंध किंवा साबण नसलेलं अमोनियम क्लोराइड टाकून अमोनिया २ पीपीएमवर (दहा लाख भागांत २ भाग) आणा.
३. बाटलीतले जिवाणू वापरणार असाल तर आत्ता टाका.
४. दर दोन-तीन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत लिहा.
५. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा २ पीपीएमवर आणा.

तपासा: २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्य झाला आणि नायट्रेट दिसू लागलं की सायकल झाली. एकदा झालं म्हणजे झालं असं धरू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा डोस देऊन खात्री करा.

इथे दोन गोंधळ नेहमी होतात. पहिला म्हणजे गोड्या पाण्यातून आलेले लोक नायट्राइटला घाबरून पाणी बदलत राहतात. समुद्राच्या पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे नायट्राइटचा माशांवरचा परिणाम फारच कमी असतो. सायकलच्या काळात तो फक्त प्रगतीची खूण म्हणून पाहायचा. दुसरा गोंधळ नायट्रेटच्या मापाचा. पाण्यात नायट्राइट असेल तर बरीच नायट्रेट किट खोटा, फार मोठा आकडा दाखवतात. नायट्राइट उतरल्यावरच नायट्रेटचा आकडा खरा माना.

आणि जिवंत मासा सोडून सायकल करण्याची पद्धत सोडून द्या. कल्ले जळत त्या माशाने सहा आठवडे काढायचे, याला काही कारण नाही.

सायकल झाली की मोठा पाणीबदल करून नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास आणा आणि स्किमर चालू करा.

## ५. तपकिरी-हिरव्या आठवड्यांत हात आवरा

दिवे लागले की वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ) येतील, मग कदाचित लालसर सायनो (सायनोबॅक्टेरियाचा थर), मग हिरवं केसाळ शेवाळ. नव्या टँकमध्ये हे काही महिने चालतं. दिवे दिवसाला सहा ते आठ तासच ठेवा, ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी थोड्या थोड्या आणा, लांब शेवाळ हाताने उपटा आणि पाणी बदलताना साका ओढून घ्या.

सावध: शेवाळ दिसलं म्हणून नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणू नका. फॉस्फेट शोषणारं माध्यम भरमसाट वापरून पाणी ‘अतिशुद्ध’ केलं की डायनोफ्लॅजेलेट्सना (एकपेशीय सूक्ष्मजीवांना) मैदान मोकळं मिळतं. बुडबुडे अडकलेले तपकिरी, शेंबडासारखे धागे, जे रात्री विरतात आणि दिव्यात परत येतात, ते हेच. त्यांचे काही प्रकार विषारी असतात आणि ते खाल्लेल्या गोगलगायी मरतात. केसाळ शेवाळ यांच्यापेक्षा शंभर पटीने परवडलं. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम, या पट्ट्यात राहा.

## ६. मासे: आधी क्वारंटाइन, मग टँक

समुद्री मासे दोन परजीवींमुळे सर्वांत जास्त मरतात. एक म्हणजे सफेद ठिपक्यांचा इक, आणि दुसरा त्याहून झपाट्याने मारणारा व्हेल्व्हेट. दोन्हींवर परिणामकारक औषध म्हणजे तांबं. पण तांबं कोरल, कोळंबी आणि गोगलगायी मारतं, आणि दगडात मुरलं की बाहेर निघायला फार काळ घेतं. त्यामुळे मुख्य टँकमध्ये तांब्याचा उपचार कधीच करता येत नाही. म्हणूनच वेगळा टँक लागतो.

क्वारंटाइन टँक साधा चालतो: ४० ते ८० लिटर, हीटर, मुरलेला (जिवाणू बसलेला) स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. दगड आणि वाळू टाकू नका, ते तांबं शोषतात. प्रत्येक मासा इथे चार ते सहा आठवडे राहील. तांबं वापरलं तर त्याच प्रकारच्या तांब्यासाठीचं टेस्ट किट वापरा आणि रोज मोजा.

क्वारंटाइन टाळला आणि इक मुख्य टँकमध्ये शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून टँक बिनमाशांचा ठेवावा लागतो. ७६ दिवस ही त्यासाठी रूढ मुदत आहे. पकडायला दगडांची सगळी रचना मोडावी लागते ते वेगळंच.

मासा पिशवीतून काढताना आणखी एक चूक होते. लांबचा प्रवास केलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो. त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पिशवीत दोन-दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसणं म्हणजे माशाला विषात ठेवणं. आधीच क्वारंटाइनची क्षारता पिशवीच्या जवळ आणून ठेवा, बंद पिशवी २० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, उघडा आणि मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टाकून द्या.

सुरुवातीला क्लाउनफिशसारखे काटक मासे घ्या. मँडरिन सुंदर असतो, पण तो दिवसभर कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) टिपत जगतो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. ॲनिमोनही (समुद्रफूल) पहिल्या वर्षात नकोच.

## ७. कोरल: सॉफ्ट, मग एलपीएस, शेवटी एसपीएस

मशरूम, झोआ, लेदर या सॉफ्ट (मऊ) कोरलपासून सुरुवात करा. ते दोन-तीन महिने वाढत राहिले तर हॅमर, टॉर्च, डंकन असे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे, कठीण सांगाड्याचे कोरल) आणा. ॲक्रोपोरासारख्या एसपीएसना (लहान पॉलिपच्या, कठीण सांगाड्याच्या कोरलना) स्थिर टँक लागतो. अल्कलिनिटी काही महिने एका रेषेत ठेवता आली की मगच त्यांच्याकडे वळा.

१. फ्रॅग (कोरलचा तुकडा) आणल्यावर तापमान जुळवा.
२. कोरल डिपमध्ये (किडे काढणाऱ्या द्रावणात), लेबलवर दिलेल्या वेळेइतकंच बुडवा. हलक्या हाताने हलवा आणि तळाशी काय पडतं ते पाहा.
३. फ्रॅगचा प्लग (ज्यावर तो चिकटवलेला असतो ती चकती) काढून टाका. ॲप्टेशिया (उपद्रवी छोटे ॲनिमोन) आणि चपट्या किड्यांची अंडी बहुधा प्लगवर असतात, आणि डिपने अंडी मरत नाहीत.
४. टँकच्या पाण्याच्या वेगळ्या बादलीत धुऊन मगच आत ठेवा.
५. पहिले दोन आठवडे वाळूवर, कमी उजेडात. मग हळूहळू वर.

उजेडाचा अंदाज पार (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी उजेड) या मापात: सॉफ्ट ५० ते १००, एलपीएस ७५ ते १५०, एसपीएस २०० ते ३५०. कमी उजेडात कोरल तपकिरी होतं आणि सावरता येतं. एकदम जास्त उजेडात ते पांढरं पडतं, आणि ते सावरणं फार कठीण. नवे दिवे लावलेत तर अर्ध्या तीव्रतेपासून चार-सहा आठवड्यांत वर न्या.

टॉर्च आणि गॅलॅक्सिया यांच्याभोवती चांगली १५ सेंटिमीटर जागा सोडा. रात्री त्यांचे लांब झालेले टेंटॅकल (दंश करणारे धागे) शेजाऱ्याला जाळतात आणि सकाळी कारण सापडत नाही.

सावध: झोआ आणि पालिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते कापू नका. झोआ असलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, कोरडा घासू नका. वाफेतून विष श्वासात जाऊन अख्खी घरं इस्पितळात गेल्याच्या घटना झाल्या आहेत. डोळ्यांत शिंतोडा गेला किंवा श्वास जड झाला तर लगेच डॉक्टरकडे जा आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द त्यांना सांगा.

## ८. अल्कलिनिटी: आकड्यापेक्षा रेष सरळ ठेवा

कोरल आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेटमधून बांधतात. या दोन्हींत सर्वांत आधी घसरते ती अल्कलिनिटी. ती ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, हे लक्ष्य पुरे. ७.५ वर महिनोन्‌महिने स्थिर असलेला टँक, ७ ते १० मध्ये हेलकावणाऱ्या टँकपेक्षा केव्हाही निरोगी.

मोजताना वायल (चाचणीची छोटी बाटली) टँकच्याच पाण्याने दोनदा विसळा. सिरिंजमधला बुडबुडा काढा. रीएजंट (चाचणीचं द्रावण) थेंबाथेंबाने टाका आणि प्रत्येक थेंबानंतर वायल फिरवा. शेवटाकडे रंग क्षणभर पालटतो आणि फिरवल्यावर परत जुना होतो, ते अजून झालेलं नाही. फिरवूनही जो रंग टिकतो तो थेंब धरायचा. वायल पांढऱ्या कागदासमोर, दर वेळी त्याच उजेडात पाहा.

डोसिंगआधी खप काढा. तीन दिवस काहीही न टाकता, रोज ठरलेल्या वेळी मोजा. समजा सोमवारी ८.६ आणि गुरुवारी ७.७ आली, तर खप दिवसाला ०.३ डीकेएच. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला साधारण ३ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. म्हणजे २०० लिटर खऱ्या पाण्यासाठी रोज सुमारे १.८ ग्रॅम. दगड-वाळूने व्यापलेली जागा आकारमानातून वजा करायला विसरू नका. १ डीकेएच खपला की त्यासोबत साधारण ७ पीपीएम कॅल्शियमही खपतं, तेही भरून काढा. दोन्ही द्रावणं एकाच वेळी, एकाच जागी ओतू नका, लगेच साका होतो.

सावध: अल्कलिनिटी कितीही खाली गेलेली असो, दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका. आणि ती टिकतच नसेल तर डोस वाढवण्याआधी मॅग्नेशियम मोजा. ते कमी असलं की टाकलेलं सगळं पंपावर आणि हीटरवर पांढरं होऊन बसतं.

पीएचच्या मागे धावू नका. ७.८ ते ८.४ मध्ये तो दिवस-रात्र खालीवर होतोच. सतत कमी राहत असेल तर बहुधा बंद खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड कारणीभूत असतो. खिडकी उघडा किंवा स्किमरला बाहेरची हवा द्या. पीएच वाढवणारी पावडर टाकली की अल्कलिनिटी उसळते आणि पीएच दोन दिवसांत परत जागेवर येतो.

## ९. आठवड्याचं काम

उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त आरओ-डीआय पाणी टाका, मीठपाणी नव्हे. मीठ उडत नाही, ते टँकमध्येच राहतं. हे ऑटो टॉप-ऑफवर (पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रावर) सोपवलंत तर उत्तम. त्याची टाकी एवढीच मोठी ठेवा की सेन्सर अडकून सगळी रिकामी झाली तरी क्षारता कोसळणार नाही.

आठवड्याला १० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याचं तापमान, क्षारता आणि अल्कलिनिटी टँकशी जुळलेली हवी. अल्कलिनिटीकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. टँक ८ वर आणि नवं पाणी ११ वर असेल तर दर रविवारी तुम्हीच कोरलना धक्का देत असता. स्किमरचा कप आणि फिल्टर सॉक (पाणी गाळणारी पिशवी) दोन-तीन दिवसांनी धुवा. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. वीज नसताना ऑक्सिजन आधी संपतो, तापमान नंतर बिघडतं.

## १०. काहीतरी बिघडलंय असं दिसलं तर

बाटलीकडे हात जायच्या आत या क्रमाने तपासा: तापमान दुसऱ्या थर्मामीटरने, क्षारता कॅलिब्रेट केलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने, अमोनिया, अल्कलिनिटी, मग नायट्रेट आणि फॉस्फेट. त्यानंतर वही उघडून गेल्या तीन आठवड्यांत काय बदललं ते पाहा: नवा दिवा, नवं मीठ, हललेला पॉवरहेड, दिसेनासा झालेला मासा.

कारण सापडलं नाही तर जुळवलेल्या पाण्याने २० टक्के बदल करा आणि ताजा कार्बन लावा. एवढंच, बाकी दोन दिवस काही नाही.

एलपीएसवर तपकिरी, विरघळल्यासारखी जेली दिसली तर तो फ्रॅग लगेच बाहेर काढा. जेली शेजाऱ्यांवर उडू न देता आधी सायफनने ओढून घ्या. ॲक्रोपोराचं मांस बुडापासून झपाट्याने पांढरं पडत वर सरकत असेल तर थांबून पाहण्यात अर्थ नाही. पांढऱ्या रेषेच्या वर एक-दोन सेंटिमीटर सोडून निरोगी फांद्या कापा, डिप करा आणि टँकमध्ये दुसऱ्या जागी, मध्यम प्रवाहात चिकटवा. मूळ वसाहत गेली तरी त्यातला एखादा तुकडा बहुधा धरतो.